लॉस असेसमेंट कव्हर: मिल्टन वादळानंतर क्लेम लावला, त्याचा अनुभव

फ्लोरिडात कॉन्डो (इमारतीतला मालकीचा फ्लॅट) घेतला की बँक मागते म्हणून एचओ-६ पॉलिसी, म्हणजे आपल्या फ्लॅटचा विमा, आपण सगळेच काढतो. पण त्यातली ‘लॉस असेसमेंट’ (सामायिक नुकसानीपायी आपल्या वाट्याला आलेल्या वर्गणीची भरपाई) ही ओळ किती जणांनी वाचलीय, देव जाणे. माझा क्लेम लागून पैसे हातात आले, पॉलिसीचं नूतनीकरणही झालं, म्हणून आता बैजवार लिहितो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. नियम बहुतेक सगळीकडे सारखेच आहेत.

आमची १२० घरांची इमारत टॅम्पा बेच्या बाजूला आहे. ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मिल्टन सिएस्टा कीजवळ धडकलं आणि आमच्या छताचं आवरण उचकटलं. वरच्या मजल्यांवर पाणीच पाणी. माझं घर ठणठणीत कोरडं, तरी वर्गणी चुकली नाही. छत सगळ्यांचं, खर्चही सगळ्यांचा. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत राहिलेल्याला हे सांगायला नको. फरक पडतो तो रकमेत.

घरमालकांच्या असोसिएशनची अख्ख्या इमारतीसाठी एक मुख्य पॉलिसी असते. तिच्यावरचं वादळाचं डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनीच्या आधी आपण सोसायचा वाटा, टक्क्यांत असतं, आणि ते टक्के नुकसानीवर नाही, इमारतीच्या विमा-रकमेवर लागतात. आमची विमा-रक्कम ३ कोटी डॉलर, डिडक्टिबल ३ टक्के. म्हणजे पहिले ९ लाख डॉलर आमचे आम्हीच भरायचे. भागिले १२०: घरटी ७,५००.

राज्याच्या कायद्याप्रमाणे एचओ-६ मध्ये लॉस असेसमेंट किमान २,००० डॉलरचं द्यावंच लागतं, आणि त्यावर डिडक्टिबल २५० च्या वर लावता येत नाही. २,००० मध्ये काय होतंय? मी वर्षाला चाळीसेक डॉलर जास्त भरून ते १०,००० करून घेतलं होतं. एजंटबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, “दादा, मर्यादा वाढवून भागत नाही, आतलं कलम बघा.” काही पॉलिसींमध्ये वर्गणी असोसिएशनच्या डिडक्टिबलपायी निघाली असेल, तर वेगळी, फारच छोटी मर्यादा असते. वर दहा हजार लिहिलेले, हातात मात्र चिमूटभर! माझ्या पॉलिसीत ते कलम नव्हतं, म्हणून हा अनुभव गोड.

तसा अगदीच गोड नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर क्लेम लावताना लॉस असेसमेंटचा पर्यायच सापडेना. शेवटी फोनवर नोंदवला, तर तो ‘छताचं नुकसान’ म्हणून चढला. अ‍ॅडजस्टर (नुकसान तपासणारा कंपनीचा माणूस) माझ्या दिवाणखान्याच्या ओल्या छताचे फोटो मागतोय आणि मी त्याला सांगतोय, बाबा रे, ओल नाहीच आहे. त्याची समजूत पटल्यावर कागदांची यादी आली: बोर्डाच्या सभेचं इतिवृत्त, वर्गणीची नोटीस, मुख्य पॉलिसीचं डेक्लरेशन पान (विमा-रकमा आणि डिडक्टिबल लिहिलेलं पहिलं पान) आणि खर्चाची फोड.

खरी गोची या फोडीतच झाली. नोटीस होती ९,००० ची. त्यातले १,५०० तळमजल्याचं गॅरेज आणि लिफ्टच्या खड्ड्यात शिरलेल्या समुद्राच्या पाण्याचे, म्हणजे मिल्टनच्या आधी दोनच आठवडे येऊन गेलेल्या हेलन वादळाचे. एचओ-६ मध्ये पूर बसत नाही, त्यामुळे पुरापायीची वर्गणीही बसत नाही. ते १,५०० कंपनीने कापले, आणि नियमाने बरोबरच कापले. उरलेल्या ७,५०० मधून २५० वजा होऊन ७,२५० आले. कायद्याने निर्णयाला ६० दिवसांची मुदत आहे. आमच्या अ‍ॅडजस्टर साहेबांनी ती जवळजवळ पुरती वापरली. बोर्डाने सगळं एकाच आकड्यात कोंबलं नसतं, तर निम्मा पत्रव्यवहार वाचला असता.

मायामीजवळच्या सर्फसाइडची कॉन्डो इमारत २०२१ मध्ये कोसळल्यानंतर कायदे कडक झाले. तपासण्या आणि राखीव निधीपायी आता कॉन्डोवाल्यांना भल्यामोठ्या वर्गण्या येताहेत. त्यासाठी या कव्हरचा काडीचाही उपयोग नाही. ते अचानक झालेल्या, पॉलिसीत बसणाऱ्या नुकसानीपुरतंच आहे. आणि नोटीस आल्यावर मर्यादा वाढवणं म्हणजे वरातीमागून घोडं: नुकसान झालं त्याच्या आदल्या दिवशी जी मर्यादा होती, तीच धरतात.

नूतनीकरणात हप्ता वाढला, तरी मी कव्हर ठेवलंय. असोसिएशनने यंदा मुख्य पॉलिसीचा हप्ता आवरायला डिडक्टिबल ५ टक्क्यांवर नेलं. म्हणजे घरटी १२,५००. त्यामुळे माझी मर्यादा आता १५,००० केलीय, आणि डिडक्टिबलचं ते कलम नव्या पॉलिसीतही नाही, हे एजंटबाईंकडून ईमेलवर लिहून घेतलंय.