हरणीच्या गळ्यातला जीपीएस पट्टा : सात महिने वापरल्यावर

आधीच सांगून टाकते, पट्टा वाईट नाही. पण कुत्रं चोरीला जाईल या धास्तीने घेणार असाल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. मीही त्याच धास्तीने घेतला होता.

आमची हरणी कारवानी आहे. कागदोपत्री या जातीला मुधोळ हाउंड म्हणतात, २००५ साली पोस्टाने तिकीटही काढलं होतं. जत-आटपाडीकडचे मेंढपाळ कारवानीच म्हणतात. हरणी पावणेतीन वर्षांची, फिकट तांबूस, छातीवर पांढरा डाग, वजन २१ किलो. माझ्या मामेभावाच्या ओळखीच्या मेंढपाळाने ती पिल्लू असताना दिली. पैसे घेतले नाहीत. आम्ही त्यांच्याकडे ज्वारीचं पोतं पोचवलं आणि घरच्या वहिनींना लुगडं नेसवलं. हे तपशिलात सांगतेय, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

फेब्रुवारीत आमच्या गल्लीतल्या काकूंचं पॉमेरेनियन, ब्राउनी, चोरीला गेलं. सांगलीच्या विश्रामबागेतली ही शांत गल्ली, संध्याकाळचे पावणेसात, फाटक अर्धं उघडं. समोरच्या बंगल्याच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतं: मोटरसायकलवर दोघं, मागचा खाली वाकून बिस्किट धरतो, ब्राउनी शेपूट हलवत येते, तो तिला उचलून जॅकेटमध्ये घालतो, गाडी पुढे. मी ते चित्रण कितीतरी वेळा पाहिलं. अकरा सेकंद. गाडीचा नंबर वाचता येत नाही. काकूंच्या स्वयंपाकघराच्या दाराशी ब्राउनीची स्टीलची वाटी अजून पालथी घातलेली असते.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी हरिपूर रस्त्याला सकाळी फिरताना एकाने गाडी थांबवून विचारलं, "ताई, मादी हाय न्हवं? पिल्लं धरलीत का? देणार का?" मी नाही म्हटलं. त्याने मोबाईल काढून हरणीचा फोटो घेतला आणि गेला. असेल बिचारा साधा शौकीन. पण कारवानीला शर्यतीसाठी, सशांच्या शिकारीसाठी आणि पिल्लांसाठी गिऱ्हाईक असतं, हे आमच्या भागात कुणालाही सांगायला लागत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातल्या सशाची शिकार गुन्हा आहे, पण त्याने मागणी थांबलेली नाही. त्या रात्री मी हरणीला आमच्या खोलीत घेतलं आणि पहाटेपर्यंत मोबाईलवर पट्टे बघत बसले.

घेतलेला पट्टा ६,४९९ रुपयांचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं म्हणणं या प्रकारच्या सगळ्याच पट्ट्यांना लागू आहे. काडेपेटीपेक्षा जरा मोठी काळी डबी, ३५ ग्रॅम, आत सिम. पहिल्या वर्षाचं भाडं किमतीतच, पुढे वर्षाला १,७९९. घराभोवती नकाशावर गोल आखायचा, कुत्रं त्याबाहेर गेलं की फोन वाजतो. पावसाळ्यात डबीला काही झालं नाही, हरणी कृष्णेच्या पाण्यात उतरली तरी नाही. बॅटरी पाच दिवस चालेल असं खोक्यावर छापलंय. आमच्याकडे तीन दिवस पुरते.

पहिली अडचण गळ्याची. कारवानी जवळून पाहिलं असेल तर ठाऊक असेल, डोकं लांबट आणि अरुंद, मान त्याहून जाड. साधा पट्टा दोन बोटं जातील इतका सैल ठेवला की मान मागे ओढून कान चपटे करते आणि सुटका. घट्ट केला तर घशाला रुततो. जूनमध्ये सांगलीवाडीच्या बाजूला मळ्यात मुंगसामागे सुटली. फोनवर तिचा ठिपका बांधाजवळ दिसत होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं, हलेना. माझ्या डोळ्यांपुढे नको ते येऊ लागलं. चिखल तुडवत तिथे पोचले तर बाभळीच्या फांदीला पट्टा लटकलेला, डबीवरचा हिरवा दिवा मिणमिणतोय. उसाला पाणी पाजणारे एक आजोबा म्हणाले, "ताई, कुत्री म्होरं गेली की. पट्टाच ऱ्हायला बगा हितं." हरणी आमच्या स्कूटरपाशी बसलेली सापडली.

त्या दिवशी मला कळलं की फोनवर दिसतो तो पट्ट्याचा पत्ता, कुत्र्याचा नाही. फांदीने दोन सेकंदांत काढला तो पट्टा चोर काढणार नाही का? खटका उघडायचा आणि डबी कालव्यात टाकायची, एवढंच तर काम.

यावर उपाय असा केला. दोन कड्यांचा, ओढला की बेताने आवळणारा आणि सोडला की सैल होणारा मार्टिंगेल पट्टा असतो, अशा कुत्र्यांसाठीच. बाजारात आमच्या मापाचा मिळेना, म्हणून पेठेत चामड्याचं काम करणाऱ्या काकांकडून रुंद पट्टा शिवून घेतला, ३५० रुपये. डबीसाठी त्याच्या आतल्या बाजूला खिसा केला, वरून बघणाऱ्याला दिसत नाही. तेव्हापासून एकदाही निसटलेला नाही. फक्त हा पट्टा घालून कुत्र्याला एकटं बांधून ठेवू नका, कशात अडकला तर आवळत जातो.

आता वेळेचा हिशेब सांगते, तो जाहिरातीत नसतो. पट्टा आधी उपग्रहांवरून स्वतःची जागा काढतो, मग ती मोबाईल नेटवर्कवरून आपल्याला कळवतो. ही दोन वेगळी कामं. बॅटरी वाचावी म्हणून एरवी तो दर दहा मिनिटांनी जागा पाठवतो. 'थेट' पर्याय चालू केला तर काही सेकंदांनी, पण मग बॅटरी चार तासांत संपते. दहा मिनिटांत मोटरसायकल विश्रामबागेतून मिरजेला पोचते. पाऊण तासात म्हैसाळ ओलांडून कर्नाटकात. शिवाय वर आभाळ मोकळं लागतं. बंद टेंपोत, पत्र्याच्या शेडमध्ये ठिपका शेवटच्या जागीच थिजून राहतो, आणि आपण त्या जागी धावत जातो.

उलटही होतं. मी शाळेत शिकवते. जुलैमध्ये सातवीचा तास चालू असताना फोन वाजला, हरणी गोलाबाहेर. मुख्याध्यापकांना सांगून तशीच निघाले, गेटपासून ओरडत आत आले तर हरणी तुळशीवृंदावनाच्या सावलीत झोपलेली. शेजारच्या चार मजली इमारतीच्या भिंतींवरून सिग्नल परतून येतो आणि जागा ५०-६० मीटर सरकते, असं ग्राहक सेवेतल्या मुलीने सांगितलं. तिसऱ्या फोनला, पण नीट समजावून सांगितलं. गोल १२० मीटरचा केल्यापासून खोटे इशारे जवळजवळ बंद झाले. म्हणजे खरा इशारा यायलाही तेवढा उशीर, हे धरून चालायचं.

माझ्या सहकारी बाईंच्या मुलाने सुचवलं होतं, एवढा खर्च कशाला, एअरटॅग लावा. तो मी विचारपूर्वक नाकारला. एअरटॅगमध्ये ना जीपीएस असतं ना सिम. आसपास ॲपलचा फोन असेल तर त्याच्या आधारे तो जागा कळवतो. आमच्या शिवारात मैलभर असा फोन नसतो. दुसरं असं की, कुणाच्या नकळत त्याच्यावर पाळत ठेवता येऊ नये म्हणून अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतोय असा इशारा समोरच्याच्या फोनवर जातो, आता अँड्रॉइडवरही. माणसांच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. पण कुत्रं चोरणाऱ्यालाही तोच इशारा मिळतो. ॲपलनेही तो वस्तूंसाठी आहे, प्राण्यांसाठी नाही, असंच सांगितलेलं आहे.

मग पट्ट्याने काय दिलं? दिवाळी दिली. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कुणीतरी फाटकाशीच माळ लावली आणि हरणी पाच फुटी भिंतीवरून गेली. मी आयुष्यात तिला इतकी घाबरलेली पाहिली नव्हती. ताबडतोब 'थेट' चालू केलं. ठिपका कुपवाड रस्त्याकडे धावत होता, मग थांबला. आमचे हे गाडी चालवत होते, मी फोन धरून डावीकडे, उजवीकडे सांगत होते. पंचवीस मिनिटांत सापडली, रस्त्याकडेला उभ्या उसाच्या रिकाम्या ट्रॉलीखाली, चाकाला चिकटून, थरथरत. पट्टा नसता तर त्या अंधारात आम्ही तिच्या अंगावरून गेलो असतो तरी दिसली नसती. २०१९ च्या महापुरात आमचा आधीचा राजा असाच चुकला होता, बोट आली त्या गडबडीत. तो परत मिळाला नाही. म्हणून बिथरून पळणाऱ्या कुत्र्यासाठी या पट्ट्याला मी पैकीच्या पैकी गुण देते.

चोरीसाठी मात्र खरा भरवसा मला चिपचा वाटतो, आणि ती पट्ट्याच्या पाचव्या हिश्श्यात झाली. मिरजेच्या डॉक्टरांकडे १,२०० रुपये. तांदळाच्या दाण्याएवढी, बारा मिलिमीटर लांब, खांद्यांच्या मधोमध कातडीखाली टोचतात. सुई लसीच्या सुईहून जाड असते. हरणी एकदा कुंईं केली आणि डॉक्टरांचा हात चाटायला लागली. तिची कातडी इतकी पातळ की बोट फिरवलं तर आजही दाणा लागतो. त्यात बॅटरी नाही, चिप कुठे आहे हे ती सांगत नाही. बरेच लोक तिला जीपीएस समजतात. वाचकयंत्र जवळ धरलं की फक्त १५ अंकी नंबर उमटतो. त्या नंबरासमोर आपलं नाव आणि चालू मोबाईल नंबर नोंदवलेला असेल तरच उपयोग, तेव्हा ती नोंद दवाखान्यातून निघण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. माझ्या नोंदीत मोबाईलचा एक आकडा चुकला होता, तिथेच दुरुस्त करून घेतला.

कुत्रं आपलंच आहे हे दाखवायला हा नंबर इतका महत्त्वाचा का, ते काकूंबरोबर तक्रार द्यायला गेले तेव्हा समजलं. पहिला प्रश्न आला, कुत्र्याची किंमत काय? पावती आहे का? काकूंकडे काही नव्हतं, ब्राउनी बहिणीकडून आलेली. कायद्याच्या लेखी कुत्रं ही जंगम मालमत्ता, म्हणून ते पळवणं ही चोरीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३. पण मालाची किंमत ५,००० रुपयांच्या आत असेल तर चोरी अदखलपात्र ठरते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. ज्वारीच्या पोत्याला आणलेल्या हरणीची पावती मी कुठून आणू? काकू तिथे बाकावर बसून रडत होत्या आणि मला एकदम थंडी वाजल्यासारखं झालं.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते हे. त्या मेंढपाळदादांकडून हरणी आम्हाला दिल्याचं लिहून आणलं, तारखेसह, अंगठा आणि दोन साक्षीदार. कारवानीचं पिल्लू आमच्याकडे किती रुपयांना जातं ते डॉक्टरांकडून लेटरहेडवर घेतलं. चिपचा नंबर लसीच्या कार्डावर चिकटवला. हरणीचे दोन्ही बाजूंचे, छातीवरच्या डागाचे आणि मागच्या डाव्या पायावरच्या जुन्या व्रणाचे फोटो काढून ठेवले. रंगाने एकसारखी दहा कारवानी दाखवता येतील, पण तो व्रण एकीलाच आहे. आणि फाटकाला आतून कडी, तिला चाव्याचं कुलूप. हरणी अंगणात एकटी नसते, भाजीवाला आला तरी नाही.

पट्टा मी पुढच्या वर्षासाठी चालू ठेवलाय, १,७९९ भरले. तुमचं कुत्रं फ्लॅटमध्ये राहतं आणि कायम साखळीवर फिरतं, तर माझ्या मते ते पैसे आधी चिपला, कागदाला आणि चांगल्या कुलपाला घाला. मोकळ्या रानात नेत असाल किंवा फटाक्यांना भिणारं असेल तर घ्या, फक्त गळ्याच्या मापाचा विचार दुकानदारावर सोडू नका.

या ॲपमध्ये तीन फोन जोडता येतात. एक माझा, एक यांचा. तिसरा काकूंनी मागून घेतला. रात्री नऊला मी डबी चार्जिंगला लावण्यासाठी काढते, ठिपका विझतो, आणि दोन मिनिटांत त्यांचा फोन येतो, "हरणी घरातच आहे ना गं?"