पिल कटर : नैराश्याची गोळी कमी करताना कुठवर साथ देतो?

नैराश्यावरची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करायची ठरली की चिठ्ठीवर बहुतेक वेळा ‘अर्धी गोळी’ एवढेच लिहून मिळते, आणि ती अर्धी कशी करायची याचा निर्णय घरातल्या सुरीवर सोडला जातो. एस्सिटालोप्रॅम हे औषध बंद करण्याच्या काळात मी मेडिकलमधून एक साधा पिल कटर आणला आणि औषध सुटेपर्यंत तो वापरला. दीड-दोनशे रुपयांच्या आत मिळणारी ही प्लॅस्टिकची छोटी डबी असते. आत गोळी अडकवायला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच, झाकणाला स्टीलचे पाते आणि उरलेला तुकडा ठेवायला एक लहान कप्पा, एवढीच तिची रचना. हे परीक्षण मुख्यतः तिच्या मर्यादांविषयी आहे, कारण औषध सोडणाऱ्या माणसाला त्या आधी ठाऊक असणे फार गरजेचे आहे.

एस्सिटालोप्रॅमच्या ५, १० आणि २० मिलिग्रॅमच्या गोळ्या आपल्याकडे सहज मिळतात. त्यामुळे २० वरून १५ वर किंवा १० वरून ५ वर यायला कटर लागतच नाही. डॉक्टरांना योग्य ताकदीच्या गोळ्या लिहून द्यायला सांगितले की काम भागते. कटरचा खरा उपयोग होतो तो साडेसात आणि अडीच मिलिग्रॅमच्या टप्प्यांवर, म्हणजे ५ ची गोळी अर्धी करायची असते तेव्हा. मधोमध रेघ असलेली गोळी खाचेत नीट बसवून झाकण एका दमात दाबले, तर कड स्वच्छ येते आणि भुगा नगण्य पडतो. झाकण हळूहळू दाबले तर मात्र गोळी सरकते आणि एक तुकडा दुसऱ्यापेक्षा मोठा निघतो, पण दोन्ही अर्धे तुकडे लागोपाठच्या दिवशी घेतले तर या औषधाच्या बाबतीत तो फरक बराचसा भरून निघतो, कारण रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला साधारण ३० तास लागतात. म्हणूनच आठवड्याच्या गोळ्या एकदम कापून ठेवू नयेत. एक कापावी, तिचे दोन्ही भाग संपवावेत आणि मगच दुसरी घ्यावी. कापलेल्या गोळीला हवेतली ओलही लवकर लागते, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हे विशेष जपावे लागते.

चतुर्थांश तुकड्यांच्या बाबतीत मात्र मी या उपकरणाला नापास करीन. अर्धी गोळी खाचेत स्थिर बसत नाही, पाते तिचे तीन-चार ओबडधोबड तुकडे करते आणि आज किती औषध पोटात गेले याचा भरवसा उरत नाही.

आणि नेमकी तिथेच अचूकतेची सर्वाधिक गरज असते. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेल्या लेखातली आकडेवारी या दृष्टीने फार बोलकी आहे. एस्सिटालोप्रॅम ज्यापासून आले त्या सिटालोप्रॅमच्या २० मिलिग्रॅमने मेंदूतले सुमारे ८० टक्के सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर (सेरोटोनिन हे रसायन पेशीत परत ओढून घेणारी प्रथिने, ज्यांना अडवूनच ही औषधे काम करतात) अडवले जातात, ९ मिलिग्रॅमने ७० टक्के, साधारण साडेपाचने ६० टक्के, आणि अवघ्या ०.८ मिलिग्रॅमनेही २० टक्के. एस्सिटालोप्रॅमची मात्रा ढोबळमानाने याच्या निम्मी धरली, तर १० वरून अडीचवर आलेल्या माणसाने तीन-चतुर्थांश औषध सोडलेले असते, पण मेंदूवरचा परिणाम ८० वरून जेमतेम ६० टक्क्यांच्या आसपास उतरलेला असतो. अडीचवरून थेट शून्यावर येणे ही त्यामुळे आधीच्या सगळ्या कपातींपेक्षा मोठी उडी ठरते. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की, प्रत्येक वेळी आधीच्या मात्रेच्या प्रमाणात कपात करावी, मात्रा लहान होत जाईल तशी कपातही लहान करावी आणि गोळ्यांनी ते जमत नसेल तर द्रवरूप औषधाचा विचार करावा.

मलाही खरा त्रास अडीचच्या खालीच झाला. मान वळवली किंवा नजर झटकन बाजूला नेली की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका यायचा, उभे राहताना गरगरायचे, रात्री विलक्षण स्पष्ट स्वप्ने पडायची आणि कारण नसताना डोळे भरून यायचे. डॉक्टरांनी पुन्हा अडीच मिलिग्रॅम सुरू करून काही काळ तिथेच थांबवले, आणि पुढच्या बारीक कपाती फार्मासिस्टने दाखवलेल्या पद्धतीने गोळी पाण्यात मिसळून सिरिंजने मोजून केल्या. नेदरलँड्समध्ये रोज किंचित कमी होत जाणाऱ्या मात्रेच्या पुड्यांची २८ दिवसांची पट्टी तयार करून दिली जाते. अशी सोय आपल्या मेडिकलमध्ये हाताशी असती, तर कित्येकांचा शेवटचा टप्पा सुसह्य झाला असता, असे मला मनापासून वाटते.

त्रास सुरू झाला की घरचे हमखास म्हणतात, ‘बघ, आजार परत आला.’ प्रत्येक वेळी ते खरे नसते. औषध सुटल्याची लक्षणे सहसा मात्रा कमी केल्यावर काही दिवसांतच उमटतात, त्यांत झटके आणि गरगरणे यांसारख्या मूळ आजारात नसलेल्या गोष्टी असतात, आणि मात्रा पुन्हा वाढवली की ती लवकर शमतात. आजार मात्र बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हळूहळू डोके वर काढतो. सगळ्यांनाच हा त्रास होतो असेही नाही. २०२४ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’मध्येच आलेल्या एका मोठ्या विश्लेषणानुसार औषध थांबवल्यामुळेच अशी लक्षणे होणाऱ्यांचे प्रमाण साधारण सहा-सातांत एक, आणि तीव्र लक्षणांचे पस्तिसांत एक आहे. पण त्या पस्तिसांतला एक जो असतो, त्याला ‘मनाचे खेळ आहेत’ असे सांगून वाटेला लावणे क्रूर आहे. जगणे नकोसे वाटण्याइतके मन खचले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतून बोलता येते.

कटरचे काम वाचवण्यासाठी एक दिवसाआड पूर्ण गोळी घेण्याची युक्ती अनेक जण सुचवतात. ती टाळावी. ४८ तासांत एस्सिटालोप्रॅमचे रक्तातले प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास उतरते आणि पुन्हा एकदम चढते, आणि पॅरॉक्सेटिनसारख्या, रक्तातून लवकर उतरणाऱ्या नैराश्यावरच्या दुसऱ्या औषधात हा चढउतार अधिकच तीव्र असतो.

खरेदीपूर्वी आपल्या गोळीच्या नावापुढची अक्षरे वाचावीत. सीआर, ईआर किंवा एक्सआर असे लिहिले असेल, जसे पॅरॉक्सेटिन सीआर, डेसव्हेनलाफॅक्सिन ईआर किंवा व्हेनलाफॅक्सिन एक्सआर, तर फार्मासिस्टला विचारल्याशिवाय ती गोळी कापू नये, कारण औषध सावकाश सोडण्याची तिची रचनाच मोडते. ड्युलोक्सेटिनच्या कॅप्सूलला तर कटरचा काहीच उपयोग नाही. हात थरथरणाऱ्या वृद्धांनी ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या घेऊन येऊन त्या घरातल्या दुसऱ्या कोणाकडून कापून घ्याव्यात. काही स्वस्त डब्यांत झाकण उघडताच पाते उघडे पडते, तेव्हा पात्याला आडोसा असलेलीच डबी निवडावी. साध्या, न लेपलेल्या गोळ्या कापल्यावर भुगा खाचेत साचतो. तो कोरड्या ब्रशने काढावा, आणि घरात दुसऱ्या कोणाची रक्तदाबाची किंवा थायरॉइडची गोळी कापायची असेल तर तिच्यासाठी वेगळा कटर ठेवावा.