२ मिलिग्रॅमचा निकोटीन गम: साईटवर वापरून सांगते

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्यांची सोय होईल. सिगारेट सोडायला निकोटीन गम काम करतो, घ्या. फक्त औषध म्हणून घ्या. बहुतेक जण तो चिंगमसारखा कचाकचा चावतात, उचक्या लागतात, तोंड कडू होतं आणि मग ‘काही उपयोग नाही हो त्याचा’ म्हणत पुन्हा टपरीवर उभे राहतात.

मी नाशिकला साईट इंजिनिअर आहे. बांधकामाच्या साईटवर सिगारेट ओढायला वेगळं कारण शोधावं लागत नाही. काँक्रीटची गाडी द्वारका सर्कलला अडकली, एक सुट्टा. गाडी आली, स्लम्प (काँक्रीट किती पातळ आहे ते माप) बरोबर निघाला, म्हणून एक. बरोबर नाही निघाला तर प्लँटवाल्याशी भांडून झाल्यावर एक. रात्रीचा स्लॅब असेल तर मोजायचंच नाही. बाई असल्यामुळे हे सगळं कंटेनर ऑफिसच्या मागे, सळयांच्या ढिगाआड. पुरुष इंजिनिअर चारचौघांत ओढतात, मला आडोसा लागायचा, एवढाच फरक.

गम दोन ताकदींत मिळतो, २ मिलिग्रॅम आणि ४ मिलिग्रॅम. २ चा चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ ला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आपल्याला कोणता, हे ठरवायला एक सोपा प्रश्न आहे: सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली सिगारेट किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ४, नाहीतर २. माझी पहिली साईटवर पोहोचल्यावर असायची, तेव्हा २ वर भागलं. ब्रँडचं नाव मुद्दामच घेत नाही. दोन-तीन कंपन्यांचे मिळतात, आत औषध एकच आहे. मिंटचा घ्या. फळांच्या चवीचा एक घेऊन पाहिला, त्यापेक्षा लहान मुलांचं खोकल्याचं औषध बरं.

दुकानदार हा एक वेगळाच विषय आहे. मी गमची पट्टी मागितली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘मिस्टरांसाठी का, मॅडम?’ एका ठिकाणी तर ‘त्यांना म्हणावं, मनाचा निश्चय हवा’ असा मोफत सल्लाही मिळाला. मी ‘सांगते हं त्यांना’ म्हणून पैसे दिले. नवऱ्यानं आयुष्यात सिगारेटला हात लावलेला नाही.

किमतीचं बोलायचं तर मी घेते तिथे एक गम एका मोठ्या सिगारेटपेक्षा स्वस्त पडतो. दुकानदार पट्टी कापूनही देतो. पण कापून घेतली की आतला माहितीचा कागद मिळत नाही, आणि सगळी गोम त्या कागदातच आहे. म्हणून पहिल्यांदा तरी अख्खं पाकीट घ्या.

आता चघळायचं कसं ते. हळूहळू चावायचा. थोड्या वेळात जिभेला मिरी लागल्यासारखं झोंबायला लागतं. झोंबलं की थांबायचं, आणि गम गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा. झोंबणं ओसरलं की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा, पुन्हा ठेवायचा, या खेपेला दुसऱ्या गालात. असं साधारण अर्धा तास. कारण साधं आहे, निकोटीन तोंडातल्या अस्तरातून रक्तात जायला हवं. भराभर चावून लाळेबरोबर गिळलं तर ते पोटात जातं, त्यातलं बरंचसं यकृतातच खर्ची पडतं आणि आपल्या वाट्याला येतात उचक्या, मळमळ आणि जळजळ.

आमच्या मुकादम मामांना मी हे समजावून सांगत होते. ते तंबाखूवाले. चुना मळून बार भरण्यात त्यांची हयात गेलेली. अर्ध्यातच मला थांबवून म्हणाले, ‘मॅडम, हे तर बार भरल्यासारखंच झालं की! फक्त थुंकायचं नाही.’ कागदावर सहा चित्रं काढून जे नीट सांगता आलेलं नाही, ते मामांनी एका वाक्यात सांगितलं. महाराष्ट्रात तरी या गमच्या पाकिटावर हेच छापायला हवं. (मामांची तंबाखू मात्र अजून चालू आहे. त्यांनी एक गम घेऊन पाहिला, ‘मजा नाही’ म्हणाले, आणि डबी उघडली.)

मामांचं ‘मजा नाही’ खरंच आहे, आणि या मालातली मुख्य उणीवही तीच. सिगारेटच्या झुरक्यातलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचतं. गमला वीस-तीस मिनिटं लागतात. त्यामुळे तलफ आल्यावर गम तोंडात टाकायचा म्हणजे आग लागल्यावर विहीर खणायची. आपल्याला कधी तलफ येते हे आपल्याला पाठ असतं, त्याच्या आधी टाकायचा. काँक्रीटची गाडी प्लँटवरून निघाल्याचा फोन आला की मी गम टाकते, गाडी गेटवर येईपर्यंत तो लागू झालेला असतो. क्लायंटची मीटिंग असेल तर लिफ्टला उभी असतानाच. सुरुवातीच्या आठवड्यांत दर एक-दोन तासांनी एक, असं कागदावर लिहिलेलं आहे ते ‘कमीत कमी घेऊ, उगाच औषध कशाला’ म्हणून टाळणारे लोक मी पाहिले आहेत. तेच पहिल्या आठवड्यात टपरीवर परत दिसतात. दिवसाला २४ च्या वर मात्र जायचं नाही. सहा आठवड्यांनंतर अंतर वाढवत न्यायचं आणि साधारण बारा आठवड्यांत बंद करायचा, असा तो कार्यक्रम आहे.

दुसरी अडचण चहाची. गम तोंडात असताना काही खायचं-प्यायचं नाही, आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटं कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत असलं आंबट काही नको. तोंडात आंबटपणा असला की निकोटीन नीट शोषलं जात नाही. साईटवर दर तासाला कोणीतरी कटिंग हातात देतं. ‘नको’ म्हटलं की त्याला वाटतं मॅडम रागावल्या. शेवटी मी चहाच्या वेळा बांधून घेतल्या, सकाळी अकरा आणि दुपारी चार, बाकी वेळी ग्लास परत.

चहा कमी करण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते मला कोणत्याच दुकानदारानं सांगितलं नाही. सिगारेटच्या धुरातल्या डांबरासारख्या द्रव्यांमुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करतं. ही करामत निकोटीनची नाही, धुराची आहे. त्यामुळे धूर बंद झाला की गम चालू असला तरी कॅफिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं. तेवढाच चहा, पण छातीत धडधड, हाताला कंप, रात्री दोनला छताकडे बघत पडणं. लोक याचं खापर गमवर फोडतात. चहा निम्म्यावर आणून बघा, मग गमला शिव्या द्या.

घरातली गंमत सांगते. माणसानं सिगारेट सोडली की घरात त्याचं कौतुक होतं, आई दृष्ट काढते, बायको शेजारी सांगते. मी ओढते हेच नवऱ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं, मग सोडल्याचे पेढे कोण वाटणार? उलट सासूबाईंनी एकदा विचारलं, ‘सारखं काय गं चघळतेस? मिंटचा वास छान येतो, मलाही दे एक.’ त्यांचा हात पर्सपर्यंत पोहोचलासुद्धा होता. ‘आई, ते दाढेचं औषध आहे’ म्हणून वेळ मारून नेली. हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही. ज्यानं कधी निकोटीन घेतलेलं नाही त्याला एका गमनंही गरगरायला होऊ शकतं, आणि लहान मुलाच्या हाती पट्टी लागली तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. चावून झालेल्या गममध्येही निकोटीन शिल्लक असतं, तो कागदात गुंडाळूनच कचऱ्यात टाकायचा. आता माझी पट्टी हेल्मेटबरोबर गाडीच्या डिकीत असते.

गमच्या जोडीला मी दुसरी एक सेवा वापरली, तिच्याबद्दलही लिहायला हवं, कारण ती फुकट आहे आणि तरी कोणी वापरताना दिसत नाही. १८००-११-२३५६, सरकारची तंबाखूमुक्तीची हेल्पलाइन. २०१८ पासून हा नंबर सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. पण पाकीट घेतं कोण? मी तर कायम सुटी घेतली. राज्यात २०२० साली सुट्या सिगारेटच्या विक्रीवर बंदी आली, टपरीवाल्यापर्यंत ती अजून पोहोचायची आहे. त्यामुळे ज्याला तो नंबर सगळ्यात जास्त हवा, त्याच्या हातात तो कधी पडतच नाही.

फोन उचलणाऱ्या बाई मराठीत बोलल्या. उपदेश नाही, ‘तुम्ही बाई असून?’ नाही. पहिली कधी ओढता, कोणाबरोबर ओढता, आधी कधी सोडली होती का, एवढंच विचारलं. सोडायची तारीख माझ्याकडूनच ठरवून घेतली आणि त्यानंतर पाठपुराव्याचे फोन त्यांच्याकडून आले. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट गमपेक्षाही उपयोगी पडली: तलफ चढते तशी काही मिनिटांत उतरतेही, तेवढा वेळ हाताला काम द्या. मी त्या वेळात कव्हर ब्लॉक मोजते, म्हणजे सळई काँक्रीटच्या आत झाकलेली राहावी म्हणून तिच्याखाली ठेवायचे छोटे ठोकळे. ज्या मजल्यावर आहे तिथल्या सळयांवरून फिरून, खाली कुठे ठोकळा सरकलाय, कुठे लावलाच नाही ते बघते. सेंटरिंगवाले वैतागलेत, पण स्लॅबचं कव्हर इतकं चोख आधी कधी नव्हतं.

गम निकोटीनचं बघतो, बाकीचं नाही. टपरीवरच्या त्या पाच मिनिटांत मला ठेकेदाराच्या पोटातल्या गोष्टी कळायच्या: कोणाचं बिल अडकलंय, कोण गँग घेऊन गावी पळणार आहे. ते आता कळत नाही. मी तिथे नुसती गम चघळत उभी राहून पाहिलं, पण धुराच्या वासानं जीव कासावीस होतो आणि समोरचाही मोकळा होत नाही. याच्यावर कोणत्याच मेडिकलमध्ये काही मिळत नाही.

त्रासाचं म्हणाल तर जबडा दुखतो, विशेषतः पहिल्या आठवड्यात. कवळी असेल किंवा दाढेत भरलेलं सिमेंट सैल असेल तर गम चिकटतो, त्यांनी डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारावा, अंगावर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्ट्या असतात, गोळ्याही असतात. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी, ठोके अनियमित असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी विचारल्याशिवाय घेऊच नये. पाकिटाचं डिझाइन करणाऱ्याला एकदा साईटवर आणायला हवं. हाताला सिमेंट लागलेलं असताना ती मागची फॉइल सोलून दाखव म्हणावं. मी सकाळीच चार-पाच गम फॉइलसकट कात्रीनं सुटे कापून, कोपरे उचकटून खिशात ठेवते.

आणि घेताना मागची तारीख वाचा. सिन्नर रस्त्याच्या कडेच्या दुकानांत हा माल फारसा खपत नाही, वर्ष-वर्ष उन्हात टांगलेला असतो. तसला गम तोंडात टाकला की खडूसारखा भुगा होतो, गालात धरायला काही उरतच नाही. मी गावातल्या चालत्या दुकानातून घेते, एका वेळी गमच्या दोन पट्ट्या.