राइटवागन की हिल्डेब्रांड-वोल्फम्युलर: चालती प्रतिकृती कुठली बनवावी?

अगदी सुरुवातीच्या काळातल्या मोटारसायकलची चालती प्रतिकृती हाताने बनवायचं मनात आलं, की बऱ्याच जणांचा घोळ दोन नावांशी येऊन थांबतो. एक, डाइम्लर आणि मायबाख या जर्मन अभियंत्यांची 1885 ची राइटवागन. दुसरी, म्युनिकची 1894 ची हिल्डेब्रांड-वोल्फम्युलर. मी पहिली बनवली. दुसरी एका मित्राने बनवली, आणि ती ढकलण्यात माझाही बराच घाम गेलाय. त्यामुळे मी तटस्थ आहे असा माझा दावा नाही.

राइटवागनचं इंजिन 264 सीसी आणि अर्ध्या हॉर्सपॉवरचं, हिल्डेब्रांडचं 1489 सीसी आणि अडीच हॉर्सपॉवरचं, हे आकडे सगळीकडे सापडतात. त्यांच्यावरून निर्णय घेऊ नका, एवढंच म्हणेन.

दिसण्यात हिल्डेब्रांड सरस, यात वादच नको. नळ्यांची फ्रेम, त्यात आडवी झोपलेली दोन सिलिंडरं, हवेचे टायर, आणि इंजिन थंड ठेवायचं पाणी मागच्या मडगार्डमध्येच. हे सगळं बघून आजचा माणूसही पटकन मोटारसायकल म्हणतो. राइटवागन म्हणजे लाकडी सांगाडा, लोखंडी पट्टी चढवलेली लाकडी चाकं आणि तोल सांभाळायला दोन्ही बाजूंना छोटी चाकं. माझी गाडी पहिल्यांदा बघणाऱ्या एकाने घडवंचीला चाकं लावलीत का, असं विचारलं होतं. राग आला नाही, कारण तसंच दिसतं ते.

अस्सलपणाचा मुद्दा मात्र थोडा उलटा आहे. मूळ राइटवागन 1903 मध्ये डाइम्लर कंपनीच्या कॅनस्टॅटच्या कारखान्याला आग लागली तेव्हा जळून गेली. आज श्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात जी दिसते तीही प्रतिकृतीच. त्यामुळे 'मूळ गाडीत हा बोल्ट असा नव्हता' असं छातीठोकपणे सांगणारा भेटणं अवघड. हिल्डेब्रांड 1894 ते 1897 या काळात विकायला बनत होती, तिच्या मूळ गाड्या अजून शिल्लक आहेत. म्हणजे फोटो घेऊन येणारा जाणकार ठरलेला. मित्राला नळीच्या एका वाकावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं. काहींना यातच मजा वाटते, मला नाही.

हॉट ट्यूबची, म्हणजे सिलिंडरातलं इंधन पेटवणाऱ्या तापलेल्या नळीची, कटकट दोन्हीकडे सारखी. बर्नर पेटवा, नळी लाल होऊ द्या, वारा आला की ज्योत विझणार, पुन्हा पेटवा. गुपचूप स्पार्क प्लग बसवणारेही आहेत. मी बसवला नाही, पण बसवणाऱ्याला नावं ठेवणार नाही. राइटवागनमध्ये हे सगळं थेट बैठकीखाली असतं. 1885 च्या नोव्हेंबरात डाइम्लरचा मुलगा कॅनस्टॅटहून उंटरटुर्कहाइमला निघाला तेव्हा वाटेत सीट पेटली, असं सांगतात. खरंखोटं बाजूला ठेवा, सीटखाली पत्रा ठोका.

आता माझ्यापुरता निकाल ज्या गोष्टीने लागला ती. हिल्डेब्रांड थांबत नाही. म्हणजे थांबते, पण थांबली की संपली.

तिचे कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेले दांडे, वाफेच्या रेल्वे इंजिनासारखे सरळ मागच्या चाकाच्या क्रँकला जोडलेले असतात. वेगळं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचा फेरा चालू ठेवणारं जड चाक, नाही; मागचं भरीव चाक हेच फ्लायव्हील. क्लच नाही, गिअर नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे इंजिनाचा एक फेरा. मागचं चाक 22 इंची धरून हिशोब करा: माणसाच्या चालीने, ताशी 5 किलोमीटरने जायचं तर इंजिन मिनिटाला पन्नासच्याही आत फिरणार, आणि फोर-स्ट्रोक असल्याने प्रत्येक सिलिंडरात स्फोट होणार दोन फेऱ्यांतून एकदा. या इंजिनाची ताकद सांगतात ती मिनिटाला 240 फेऱ्यांना. पन्नासला ते नुसतं शिंकतं. पिस्टन परत ढकलायला दोन्ही बाजूंना रबरी पट्टे दिलेत, पण तेही जरा जुने झाले की सैल पडतात.

म्हणून समोर कुणी आडवं आलं, वळण जरा अरुंद निघालं, की इंजिन बंद. मग ढकला, धावा, उडी मारून बसा, आणि तेवढ्यात बर्नर विझलेला नसेल अशी आशा करा. याहून मोठी अडचण ट्यूनिंगची. चाक स्टँडवर उचललं की इंजिन छान चालतं, कानाला गोड लागतं. जमिनीवर टेकवून माणूस बसला की तेच इंजिन वेगळं वागतं, आणि तेव्हा ज्योत किंवा हवेचं प्रमाण लावायला तुम्ही थांबू शकत नाही. भर म्हणून पंक्चर: मागचं चाक काढायचं तर आधी दोन्ही बाजूंचे रॉड सोडवायचे.

राइटवागनचं इंजिन स्वतःच्या पायावर उभं आहे. फ्लायव्हील क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या बंद पेटीच्या आत, ताकद चाकाकडे जाते चामड्याच्या पट्ट्याने. पट्टा सैल ठेवून इंजिन सुरू करायचं हँडल मारा, गाडी जागच्या जागी टकटकत राहते. ज्योत कमीजास्त करा, आवाज ऐका, मग पट्टा ताणा आणि निघा. मूळ आराखड्यात तर गाडी वळवायच्या हँडलची मूठ एका बाजूला पिळली की पट्टा ताणला जाणार आणि उलट पिळली की ब्रेक लागणार अशी सोय होती. प्रत्यक्ष गाडीला साधं हँडल लागलं. मी ताणाची पुली पायाशी एका तरफेवर घेतली आणि माझ्या मते तेच सोयीचं आहे.

वेगाचं म्हणाल तर हिल्डेब्रांड ताशी 45 पर्यंत जाते, राइटवागन 12 च्या आसपास. पण लोखंडी पट्टीच्या चाकांवर 12 म्हणजे दातांचा खुळखुळा होतो, त्याहून जास्त मला नको होतं. आणि पुढच्या टायरवर घासणाऱ्या ब्रेकच्या भरवशावर 45 ने जायची हिंमत मित्रानेही केलेली नाही.

लाकडाचे हट्ट आहेत, ते लपवत नाही. दमट हवेत सांगाडा फुगतो, बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, चामड्याचा पट्टा ताणला जाऊन घसरतो. पण हे सगळं एका पान्यात आणि थोड्या संयमात आटोपतं.

लेथवर हात चांगला बसलेला असेल, वाफेच्या इंजिनांचं वेड असेल, आणि गाडी बहुतेक वेळ स्टँडवर उभी राहून लोकांनी बघायची असेल, तर हिल्डेब्रांडच घ्या. चाक फिरताना ते रॉड पुढेमागे होतात तेव्हा माझीही नजर हटत नाही. पण एकटेच काम करणार असाल आणि गाडीवर बसायचा विचार असेल, तर लाकूड आजच आणून मुरायला ठेवा, आणि पट्ट्याचं चामडं लागेल त्याहून हातभर जास्तच घ्या.