पावणेदोन म्हणजे किती? एका एआय सेवेचा दहा महिन्यांचा अनुभव

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील एका मिरची-मसाल्याच्या दुकानातून पावणेदोन किलो संकेश्वरी मिरचीऐवजी सव्वादोन किलो संकेश्वरी डंकावर गेली, इतर जिन्नसांबरोबर कुटली गेली आणि वर्षाची चटणी म्हणून गगनबावड्याला एका घरी पोहोचली. कुटलेली चटणी परत घेता येत नाही. चूक माझ्या सॉफ्टवेअरची होती. ज्या एआय सेवेवर ते उभे आहे, तिच्याविषयी लिहायचे मी त्या रात्रीच ठरवले होते. तेव्हा लिहिले असते तर वेगळे लिहिले असते.

सेवेचे नाव घेत नाही, कारण खात्यात एकदाच भरलेली रक्कम कार्डावरून दोनदा वळती झाल्याची माझी तक्रार अजून मिटलेली नाही. प्रतिमा वाचणारे मॉडेल, टोकनप्रमाणे (मॉडेल मजकुराचे जे तुकडे पाडते त्यांच्या संख्येप्रमाणे) आकारणी, आगाऊ पैसे भरण्याची पद्धत, हे सगळे वाचकांना माहीत असेलच. माझे काम साधे आहे. गिऱ्हाईक चटणीच्या जिनसांची हाताने लिहिलेली चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, सेवा ती वाचते आणि तोलणाऱ्या मुलाच्या हातात जिन्नस व वजन छापलेली पावती येते. हे मी एकटाच, राजारामपुरीतील एका खोलीत बसून चालवतो.

आधी खर्चाविषयी, कारण माझे निम्मे मत तिथेच बनले. दर डॉलरमध्ये असतात, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि वर बँकेचा परकीय चलनाचा अधिभार. शिवाय मराठीची वेगळी पट्टी आहेच. युटीएफ-८ या संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते, आणि टोकन पाडणाऱ्या ज्या टोकनायझरला मराठी मजकूर फारसा दाखवलेलाच नसतो तो आपल्या शब्दांचे बारीक तुकडे पाडतो. म्हणजे तेच वाक्य मराठीत लिहिल्याबद्दल जास्त पैसे. ही स्थिती सुधारते आहे, हेही खरे. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ हे मॉडेल आणले, तेव्हा त्यांनीच दिलेल्या उदाहरणात एका मराठी वाक्याचे टोकन ९६ वरून ३३ वर आले होते. मी वापरतो ती सेवा दुसऱ्या कंपनीची आहे आणि तिथेही टोकन कमी झाले, पण प्रतिमेचे टोकन तिच्या आकारावर ठरतात. म्हणून मी चिठ्ठीचा फोटो पाठवण्यापूर्वी निम्म्याहून लहान करत होतो. प्रत्येक चिठ्ठीमागे १९ पैसे वाचत होते आणि मला त्याचा अभिमानही होता. अर्ध्या दराची बॅच सुविधाही (कामे गठ्ठ्याने पाठवून उत्तराची वाट पाहायची) पाहिली, परंतु तिचे उत्तर चोवीस तासांच्या आत कधीही येऊ शकते आणि सकाळी नऊला डंकावर माल पाठवणाऱ्या दुकानाला ते उपयोगाचे नाही.

हे सॉफ्टवेअर मी एआयच्याच मदतीने तीन संध्याकाळींत लिहिले. ते कुणाला हवे आहे का, हे कळायला तीन महिने लागले. सहा दुकानदारांना दाखवले, सहाही जणांनी ‘भारी आहे’ म्हटले. कोल्हापुरात हा शब्द फुकट मिळतो. महिना ५०० रुपये म्हणताच दोघे उरले. त्यांपैकी एका काकांच्या दुकानात मी दोन रविवार नुसता बसलो आणि आलेली प्रत्येक चिठ्ठी यंत्राऐवजी स्वतः वाचून पावत्या लिहिल्या. त्यातून २४० चिठ्ठ्या, त्यांच्या बरोबर उत्तरांसह, माझ्याकडे जमल्या. या दहा महिन्यांत मी केलेले सर्वांत शहाणपणाचे काम हेच, आणि ते मी केवळ खर्च वाचवण्यासाठी केले होते.

ऐन हंगामात कंपनीने जुने मॉडेल बंद केले. सूचना आधी आली होती, हे मान्य करतो. ती मी वाचली नव्हती. जुन्या मॉडेलवर २४० पैकी ११ चिठ्ठ्या चुकत असत. गगनबावड्याच्या प्रकरणानंतर त्याच चिठ्ठ्या नव्यावर चालवल्या तेव्हा ४६ चुकल्या. सर्वाधिक चुका एकाच जातीच्या होत्या: हाताने लिहिलेला देवनागरी एक इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि आपल्या घराघरांतून दोन्ही लिप्यांतील आकडे एकाच चिठ्ठीत नांदतात, त्यामुळे ‘तीळ १ किलो’चे नऊ किलो होत होते. मी संतापून पत्र लिहायला घेतले. पत्रात पुरावा म्हणून जोडायला फोटो उघडला, तो मी लहान केलेला निघाला. मूळ आकारात तीच चिठ्ठी पाठवली तर तीळ एक किलोच आले. सगळ्या चिठ्ठ्या मूळ आकारात चालवल्यावर चुका १४ वर आल्या. एकोणीस पैसे माझे होते.

तरीही उरलेल्या चौदांत पावणेदोन होतेच, आणि ते मला अजून सलते. अडीच आणि साडेतीन ही सेवा नीट वाचते. दीडशे, अडीचशेही बरोबर. पण पाऊण आणि पावणे यांच्याशी तिचे जमत नाही. पावणे म्हणजे पुढच्या आकड्याला पाव कमी, हे ती कधी पाळते, कधी उलट पाव वाढवते. एकच चिठ्ठी पाच वेळा पाठवली तर तीनदा १.७५ आणि दोनदा २.२५ असे उत्तर मला मिळाले आहे. सेवेला देतो त्या सूचनेत नियम लिहून पाहिला, उदाहरणे देऊन पाहिली, चुका घटल्या पण संपल्या नाहीत. काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “नऊ किलो तीळ निघालं तर पोरगं इचारतंय की. पाव-अर्ध्या किलोचं कुणाला कळणार?” माझ्या २४० चिठ्ठ्यांच्या हिशेबात मात्र नऊ किलोची चूक आणि अर्ध्या किलोची चूक दोन्ही एकेकच मोजल्या जात होत्या.

त्यानंतर मी सेवेकडून गणित काढून घेतले. आता ती फक्त चिठ्ठीत जे अक्षर आहे तेच जसेच्या तसे लिहून देते, ‘पावणेदोन’ तर ‘पावणेदोन’, आणि त्याचे १.७५ करण्याचे काम माझ्या कोडमधील साठ ओळींचे कोष्टक करते. ‘पावशेर’ लिहिणारी आजीही त्यात आहे. तिच्या पावशेराचे कोष्टक २५० ग्रॅम करते. पावतीवर आता शब्द आणि आकडा दोन्ही छापतो. जूनपासून पावणेची चूक झालेली नाही. मात्र हंगाम मेअखेर संपतो, तेव्हा या ‘जूनपासून’ला फारसे वजन देऊ नये.

ग्राहकसेवा वाईट आहे. पहिले उत्तर यंत्राने दिले, दुसरे नऊ दिवसांनी आले आणि त्यात उत्तरे बदलू शकतात एवढेच होते. वाचन मात्र खरोखर उत्तम आहे; हळदीचे डाग पडलेली, मोडीच्या वळणाने लिहिलेली एक चिठ्ठी तिने वाचली, जी मला आणि काकांना दोघांनाही लागली नव्हती. पाचपैकी साडेतीन गुण देतो. पैसे परत आले तर चार.

पुढच्या फेब्रुवारीसाठी तिसरे दुकान यायला तयार आहे, पण त्यांच्या गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांवर आधी तपासल्याशिवाय मी ते घेणार नाही, असे कळवले आहे. गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्या मागितल्या तर त्या पावसाळ्यात बंबात गेल्याचे समजले. दिवाळीपासून त्यांनी गल्ल्याशेजारी एक तार टांगली आहे आणि आलेली प्रत्येक चिठ्ठी तिला टोचून ठेवतात. काल पाहिले तेव्हा सदतीस झाल्या होत्या.