हंपटा पासचे बूट, नऊ महिन्यांनंतर

पाडव्याला बेळगावातच घेतले हे बूट, ६,८०० रुपयांना. घोट्याच्या वर येणारे, वॉटरप्रूफ, एकेक ६१० ग्रॅमचा. (दुकानदाराच्या सांगण्यावर नाही, कारखान्यातल्या काट्यावर वजन केलं. उद्यमबागेत नोकरी करणाऱ्याला एवढी खोड असतेच.) आई म्हणाली, "एवढ्या पैशात घरातल्या सगळ्यांना चपला आल्या असत्या की." आल्या असत्या. पण गणपती झाल्यावर हिमाचलात हंपटा पासला, म्हणजे त्या खिंडीच्या ट्रेकला, जायचं ठरलं होतं.

आधी चुलतभावाचे जुने बूट मागून घेतले होते. सात वर्षं माळ्यावर, खोक्यात, दिसायला कोरे करकरीत. बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या निम्म्या चढावर उजव्याचा सोल केळ्याच्या सालीसारखा सुटून आला. सोलच्या आतला फोमचा थर पॉलियुरेथेनचा असेल तर दमट हवेत तो आपोआप कुजतो, न वापरता ठेवला तरी. आमच्याकडची पावसाळी हवा त्याला भरपूर. तेव्हा कुणी "फक्त एकदा घातलेत" म्हणून जुने बूट देऊ केले, तर आधी सोल वाकवून बघा.

नवे घेताना संध्याकाळी गेलो, जाड मोजे घालून, आणि अर्धा नंबर मोठा घेतला. पहिला महिना तरीही टाचेला फोड. दर रविवारी राजहंसगड, सॅकमध्ये रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचे तुकडे, आठ किलो. मे संपेपर्यंत बूट पायाला बसले.

मग पाऊस आला आणि माझं मत बदललं. जुलैत कणकुंबीला गेलो, मलप्रभेच्या उगमाकडे. खालून पाणी शिरलं नाही हे खरं, पण पॅंटवरून ओघळून वरून शिरलं, आणि जे अस्तर पाणी आत येऊ देत नाही ते बाहेरही जाऊ देत नाही. दिवसभर डबकी पायात घेऊन चाललो. जळवा त्यातूनही शिरल्या. जांबोटीजवळ जांभ्यावरच्या शेवाळावर दोनदा आपटलो; हा सोल कडक आहे, ओल्या दगडाला धरत नाही. घरी आल्यावर 'तरुण भारत'च्या अंकांचे बोळे कोंबून ठेवले, तरी वाळायला तीन दिवस. आपल्या पावसाळ्यात कॅनव्हासचे, मऊ रबराच्या सोलचे स्वस्त बूट बरे. भिजतात, पण निथळतातही.

सप्टेंबरअखेर गोवा एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून बसने मनाली. जोब्राला गाडी सोडली आणि चिका, बालू का घेरा असे मुक्काम करत चढलो. ट्रेक नेणाऱ्या कंपनीचं जेवण चांगलं, तंबू तिघांना अडचणीचा, आणि मला मिळालेल्या स्लीपिंग बॅगची चेन तुटलेली. सांगितल्यावर दुसऱ्या रात्री बदलून दिली, पहिली रात्र मात्र जाकीट गुंडाळून काढली. बालू का घेरा सुमारे ३,६०० मीटरवर आहे. तिथं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे भाताला कुकर लागतो आणि उकळता चहासुद्धा घरच्याइतका गरम नसतो. घरून नेलेला कुंदा थंडीने असा घट्ट झाला की चमचा वाकला. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर माझा ऑक्सिजनचा आकडा ८४. घाबरलो, पण डोकेदुखी नव्हती, भूक होती, आणि गाईड म्हणाला की या उंचीला हे चालतं.

खरे पैसे वसूल झाले ते या गाईडमुळे. पहिल्या दिवशी त्याने प्रत्येकाच्या बुटांच्या लेस स्वतः बघितल्या. चढताना इतका हळू चालायचा की आम्हाला राग यायचा. ४,२७० मीटरच्या पासवर मात्र बॅचमधले सगळे पोचले. सुट्या दगडांच्या त्या वाटेवर बूट एक नंबर: कोरडा खडक, कडक सोल, घोटा एकदाही मुरगळला नाही.

पासवरून शिया गोरूच्या मुक्कामाकडे उतरताना घात झाला. पाय पुढे सरकून अंगठे बुटाच्या टोकाला ठोकर खाऊ लागले. गाईडने बसवलं, टाच मागे दाबून धरायला लावली, घोट्याच्या वळणावर लेसला दुहेरी पीळ दिला आणि मग वरचे हुक आवळले. त्यानंतर टाच जागची हलली नाही. पण उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं ते पडलंच. दिवाळीत चुलत्याने विचारलंसुद्धा, दार लागलं काय रे.

दुसऱ्या दिवशी पाणी ओलांडायचं होतं, तेही सकाळीच. दुपारी बर्फ वितळून प्रवाह वाढतो. बूट गळ्यात टाकून, हात धरून साखळी केली. बॅचमधला एक जण बूट घालूनच उतरला. त्याचे चंद्रताल तलावापर्यंत वाळले नाहीत.

पासच्या अलीकडे गवत, भूर्जाची झाडं; पलीकडे लाहौल, नुसता करडा दगड. आम्ही दोघे बेळगावचे एकदमच म्हणालो: हिरवं खानापूर संपलं, कोरडी सौंदत्ती लागली.

आता हिशोब. नवा असताना सोलच्या खाचा व्हर्नियरने मोजल्या होत्या, ४.६ मिलिमीटर. परवा मोजल्या: पुढे ३.९, उजव्या टाचेच्या बाहेरच्या कडेला ३.१. म्हणजे मी तिरका चालतो, हे वयाच्या ४१ व्या वर्षी कळलं. वॉटरप्रूफपणा अजून शाबूत. हिमालयासाठी पुन्हा हेच घेईन.

गेल्या महिन्यात डाव्या टाचेची शिवण उसवली, तीही बाजारात भाजी घेताना. शहापूरच्या चांभाराने साठ रुपयांत घालून दिली. बूट हातात फिरवत म्हणाला, "शिवण कच्ची आहे ओ. सोल मात्र भारी."