कॅमेरा भाड्याने घेतला, सोबत दादा आले

पुण्यात लॉ कॉलेज रोडला फिल्म इन्स्टिट्यूट आहे, १९६० साली प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात सुरू झालेली. तिथून गाडीवर दहा मिनिटांवर असलेल्या एका दुकानातून मी माझ्या शॉर्ट फिल्मसाठी सामान भाड्याने घेतलं. दुकानाचं नाव देत नाही, कारण पुढे एक तक्रारही येणार आहे आणि ती त्यांनी नीट मिटवली आहे.

एका दिवसाचं पॅकेज होतं : कॅमेरा, तीन प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्स, ट्रायपॉड, दोन एलईडी लाइट, त्यांच्या बॅटऱ्या. कॅमेऱ्याबरोबर अटेंडंट, म्हणजे सामान सांभाळणारा दुकानाचा माणूस, घ्यावाच लागतो; आमच्याबरोबर आले ते दादा. त्यांचे १,५०० वेगळे, शिवाय जाणं-येणं आणि जेवण आपल्याकडे. खरं सांगते, हे १,५०० वाचवायचा मी खूप प्रयत्न केला. आमचा डीओपी (कॅमेरामन) कॅमेरा चांगला जाणतो, मग आणखी एक माणूस कशाला, असं मी दुकानात दोनदा विचारलं. मालक हसून म्हणाले, "घेऊन तर जा."

शूटिंग वाईजवळच्या एका गावात, मे महिन्यात. कॉल टाइम सकाळी ६ चा. पहाटे ३ ला टेम्पो निघाला, पण खंबाटकी घाटात पुढे ट्रक बंद पडला आणि आम्ही पोहोचलो ७ ला. पहिला सीन आजी अंधारात उठून चूल पेटवते तो, आणि बाहेर लख्ख उजाडलेलं. खिडकीला घोंगड्या लावल्या, स्वयंपाकघरातली जुनी ट्यूब लावली. मॉनिटरवर भिंतीवरून एक पुसट काळा पट्टा हळूहळू वर सरकत होता. आम्ही सगळे लेन्सकडे बघतोय.

दादा मागे बॅग आवरत होते. तिथूनच म्हणाले, "शटर ४८ वर आहे का? ५० करून बघा."

आपण सेकंदाला २४ फ्रेम्सवर शूट करतो, तेव्हा १८० अंशांचं शटर म्हणजे प्रत्येक फ्रेमवर उजेड पडतो तो वेळ सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि ४८ शी तिचा मेळ बसत नाही. शटर १७२.८ अंशांवर आणलं की बरोबर पन्नासावा भाग होतो. आणलं, पट्टा गेला. डीओपीला हे माहीत नव्हतं असं नाही, घाईत सुटलं होतं. दादांनी ते त्याला सगळ्यांसमोर ऐकवलं नाही, हे मला फार आवडलं.

साडेअकराला लाइट गेले. गावातल्या मंडपवाल्यांचा जनरेटर मिळाला. सुरू केला आणि पट्टा परत हजर, या वेळी कधी जोरात, कधी मंद. लहान जनरेटरवर लोड बदलला की इंजिनाचा वेग हलतो आणि त्याबरोबर फ्रिक्वेन्सीही, मग शटर ५० वर ठेवून काय उपयोग? दादांनी ट्यूब बंद करायला लावली आणि आमचे दोन्ही एलईडी बॅटरीवर घ्यायला सांगितलं.

इथेच माझी तक्रार. दुकानातून आलेल्या चार बॅटऱ्यांपैकी एक पूर्ण चार्ज दाखवत होती आणि वीस मिनिटांत संपली. तेही टेक चालू असताना, आजीचं काम करणाऱ्या बाईंनी इतका सुंदर पॉज घेतलेला असताना. तो टेक पुन्हा तसा आला नाही. सामान पाठवण्याआधी बॅटरी लोडवर लावून बघणं हे दुकानाचंच काम आहे.

साडेतीनला वळीव आला. पत्र्यावर असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. ओटीवर तांदूळ निवडण्याचा सीन अर्धा झालेला, तो भर उन्हातला, आणि आता बाहेर तिन्हीसांज झाल्यासारखं. दादांनी आधी ट्रायपॉडसकट कॅमेरा आत घेतला, बॅगेतून कचऱ्याची मोठी काळी पिशवी काढून त्यावर घातली. मग लेन्स पुसायला बसले, ते मी जवळून पाहिलं. आधी लेन्स उलटी धरून ब्लोअरने हवा मारली. मग मऊ ब्रश, काठाकाठाने. मग कापड, मधून बाहेर गोल गोल. त्यांनी एकदाही तोंडाने फुंकर मारली नाही. काचेवर कापड घालण्याआधी धुळीचा कण निघाला पाहिजे, नाहीतर तोच ओरखडा काढतो, असं त्यांनी आमच्या नवीन मुलीला समजावलं. चहा बाजूला गार होत होता.

पाऊस थांबेपर्यंत आम्ही घरात सुपातल्या हातांचे क्लोजअप घेतले. एक एलईडी दारातून पांढऱ्या धोतराआडून मारला, तर ओटीवरच्या उन्हाशी जुळलं. संवाद नंतर शांततेत नुसते आवाजासाठी पुन्हा बोलून घेतले.

आणि मग तो प्रसंग. शेवटचा शॉट मेणवलीच्या घाटावर होता, पावसानंतर आकाश धुतल्यासारखं, जेमतेम वीस मिनिटांचा उजेड हातात. कार्ड भरलं. आमच्यातल्या एकाने घाईत दुसरं कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि फॉरमॅटवर, म्हणजे कार्ड कोरं करण्यावर, बोट नेलं. दादांनी त्याचा हात धरला. त्यांची पद्धत अशी की शूट झालेलं कार्ड डबीत उलटं ठेवायचं आणि त्यावर लाल टेप लावायची. ते दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरलं, दोन्हीकडचा आकार जुळला आणि मधले तीन क्लिप चालवून पाहिले, की मगच ते टेप काढणार. त्या कार्डावर अजून टेप होती. सकाळपासूनचं स्वयंपाकघर, आजी, चूल, सगळं त्यात होतं. मी घाटाच्या पायरीवर बसले आणि दोन मिनिटं मला बोलताच आलं नाही. दादांनी स्वतःच्या खिशातलं रिकामं कार्ड दिलं. शॉट झाला. कृष्णेच्या पाण्यावर जो रंग आला होता तो आमच्या फिल्ममध्ये आहे.

कॅमेरा आणि लेन्स निर्दोष होत्या. भाडं इतर दोन ठिकाणांपेक्षा थोडं जास्त आहे, तरी मी पुन्हा इथूनच घेईन. बॅटरीचं सांगितल्यावर मालकांनी वाद न घालता तिचं भाडं कमी केलं आणि ती बॅटरी माझ्यासमोर बाजूला काढून ठेवली. तुम्ही घेताना प्रत्येक बॅटरी दुकानातच लाइटवर लावून अर्धा तास चालवून बघा, ते नाही म्हणत नाहीत. पावसाळी कव्हर पॅकेजमध्ये नाही, ते मागून घ्या.

बारा तासांच्या शिफ्टवर तास चढले तर अटेंडंटचे वाढीव पैसे आधी ठरवा आणि त्यांना घरापर्यंत सोडायची सोय करा. आम्ही रात्री साडेअकराला पुण्यात आलो. दादा टेम्पोतून उतरले ते दुकानाच्या दाराशी, घरी नाही. सामान मोजून, आत ठेवून, वहीत सही करून मग निघाले. पुढच्या शूटसाठी मी दुकानात फोन केला आहे, आणि मी पहिलं वाक्य हेच बोलले की दादा मोकळे असतील तेव्हाची तारीख सांगा.